झाडाखालचा 'कचरा' काढू नका

परवा एका मित्राचा सागवान बघायला गेलो होतो. झाडं सरळ, जोमदार. खाली मात्र एक झुडूप नाही, पालापाचोळाही जाळलेला. म्हणाला, "बघ, कसं रान झाडून काढलंय!" मी गप्प बसलो, कारण हा उद्योग मीही केलाय.

आमच्या भातखाचरांच्या वरच्या उतारावर ऐन, हिरडा, साग आहे. खाली कारवी, करवंद, धायटी, मुरुडशेंग. २०१८ च्या उन्हाळ्यात मजूर लावून खालचं सगळं तोडलं, उरलेलं पेटवलं. झाड एकही तोडलं नाही. वाटलं, झाडं आहेत ना, माती धरतील. पहिल्याच आषाढात लाल पाणी आलं. दुसऱ्या पावसाळ्यात एक ताल फुटला आणि वरच्या दोन खाचरांत मुरूम भरला. त्या वर्षी तिथं लावणीच झाली नाही.

सागाचं पान थाळीपेक्षा मोठं. बारीक पाऊस त्यावर गोळा होतो आणि टपोरा थेंब होऊन पंचवीस-तीस फुटांवरून पडतो. खाली झुडूप, पाचोळा असला तर मार ते खातात. नसला तर मातीला बसतो, मातीचं तोंड लिंपल्यासारखं बंद होतं, पाणी मुरायचं सोडून पळतं.

कारवीचं तर अजून अवघड. ती सात वर्षांनी एकदा फुलते, मधमाश्यांची चंगळ होते, आणि मग सगळी एकदम वाळते. बी रुजतं पुढच्या पावसात. नेमक्या मधल्या उन्हाळ्यात वणवा लागला तर आई गेली आणि पोरंही गेली. टोमॅटोच्या बांधणीला, कुडाला काठ्या आपण नेतोच, मीही नेल्यात. पण काठी नेणं वेगळं आणि रान पेटवणं वेगळं.

घाणेरी, रानमोडी खुशाल उपटा, ती दुसऱ्याला वाढू देत नाही. पण उतारावर एकदम नको, पट्ट्यापट्ट्यानं काढा.

कृषीवाल्या मित्रांनाही सांगणं आहे. पाहणीला आलात की झाडं मोजता, खड्डे मोजता. झाडाखाली काय उरलंय तेही एकदा वहीत लिहा की.

माझ्या उतारावर करवंद, धायटी परत फुटलीय. कारवी मात्र एका कोपऱ्यातच आहे. मित्राच्या सागाखालचं पाणी कोणत्या रंगाचं येतंय, ते आषाढात बघून फोटो टाकतो.