आमदारसाहेब, 'शक्ती'चं काय झालं?

आपल्या आमदारांचं पेज मी रोज बघतो. पत्रकार आहे, बघावंच लागतं. या आठवड्यात काय होतं? चार वाढदिवस, दोन दशक्रिया, एक पेव्हर ब्लॉकचं भूमिपूजन. लोकांच्या सुखदुःखात जाणं वाईट नाही. पण साहेब, तुम्हाला निवडून दिलं ते कायदे करायला.

डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी शक्ती विधेयक मंजूर केलं. महिलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा, तपास झटपट. गावात बॅनर लागले. मीही 'ऐतिहासिक' म्हणून बातमी छापली. विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं, ते कायदा होऊन परत आलंच नाही. बॅनर उतरले. मीही पुन्हा विचारलं नाही, ही माझी चूक.

घटनेच्या कलम २०१ मध्ये राष्ट्रपतींच्या निर्णयाला मुदतच नाही. म्हणून तर आमदाराने पाठपुरावा करायचा!

अमेरिकेत गव्हर्नरने बिलावर व्हेटो मारला, की तिथल्या राज्यांतले अनेक आमदार मतदारांना कळवतात : कोणतं बिल अडलं, का अडलं, पुढे काय. आपल्याकडे उत्तर एकच, "वरून अडलंय." अहो, वर म्हणजे कुठे? तुम्ही सभागृहात एकदा तरी विचारलंत का?

मंडळी, आपणही गटार-रस्त्यापलीकडे जात नाही. आमदार लग्नात भेटले की सेल्फीआधी हा प्रश्न विचारा. मीही विचारणार आहे. उत्तर मिळालं तर इथेच टाकतो. नाही मिळालं, तर तेही टाकतो.