पबाची वकिली

आमच्या द्वारकेतला एखादा मुलगा शिकायला इंग्लंडला निघाला, की त्याला निरोप देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. (द्वारका म्हणजे श्रीकृष्णाची नव्हे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथं एकमेकांना भिडतात, आणि चालत पलीकडे पोचल्यावर घरी फोन करून खुशाली कळवावीशी वाटते, ती नाशिकची द्वारका.) मावशी लोणचं देते, आत्या भाजणी देते आणि काका उपदेश देतात. लोणच्याचं वजन विमानतळावर मोजतात. उपदेशाचं मोजत नाहीत, म्हणून तो भरपूर देतात. त्यातलं शेवटचं कलम असं : "आणि हे बघ, त्या पबात-बिबात पाऊल टाकायचं नाही!"

माझं भांडण या कलमाशी आहे. मी दारूचा वकील नाही, पबाचा आहे. ही दोन वेगळी खटली आहेत, एवढंच मला सांगायचंय.

मुळात पब म्हणजे 'पब्लिक हाउस'. सार्वजनिक घर. आपल्या मोठ्या शहरांत पब म्हणून जे असतं, तिथं अंधार असतो आणि शेजारच्याला आग लागल्याचं सांगायलासुद्धा कानात ओरडावं लागतं. काकांच्या डोळ्यांपुढे तेच असतं. पण आपल्या बिहारात, मोतीहारीला जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ साली एका लंडनच्या वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबावर लेख लिहिला. त्या पबात रेडिओ नाही, पियानो नाही. का, तर माणसांना बोलता यावं! मागं बाग आहे, तिथं पोरं खेळताहेत. एवढं वर्णन करून शेवटी ऑर्वेलसाहेब कबूल करतात, की असा पब कुठं नाहीच. आदर्श पबाचं आदर्श जावयासारखंच आहे. वर्णन ऐकायला मिळतं, भेट होत नाही. पण माणूस मनात काय शोधत होता ते कळलं ना? बोलायला जागा!

इंग्रज माणूस शेजारी चार वर्षं राहून हवेपलीकडे बोलत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यानंच स्वतःच्या या रोगावर औषध काढलंय, ते म्हणजे पबाचा काउंटर. केट फॉक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली परदेशी पाहुण्यांसाठी पबातल्या रीतिरिवाजांचं चक्क एक पुस्तकच लिहिलं. टेबलाशी बसून वेटरची वाट पाहायची नाही. काउंटरवर आपण जायचं. तिथं रांग दिसत नाही, पण कुणाचा नंबर कितवा हे प्रत्येकाला ठाऊक असतं. (द्वारका चौकात वाढलेल्या मुलाला हे पचायला एक टर्म लागते.) नोटा हलवायच्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे, काउंटरशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोललेलं चालतं. कोपऱ्यातल्या टेबलावर चालत नाही, काउंटरवर चालतं.

शिवाय 'राउंड'. आज सगळ्यांचं एकानं आणायचं, मग दुसऱ्यानं. आपल्याकडे बिल आलं की एकाचा हात खिशात अडकतो आणि दुसऱ्याला नेमका फोन येतो. तिथं आपली पाळी चुकवणारा माणूस कायमचा लक्षात राहतो.

"पण आमचा मुलगा घेत नाही!" नको घेऊ दे. लाइम-सोडा मागावा, संत्र्याचा रस मागावा, आणि आपली पाळी आली की इतरांना हवं ते आणून द्यावं. १८८८ साली गांधीजी लंडनला निघाले, ते दारू, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही असं आईला वचन देऊन. वचन पाळलं, पण खोलीत कोंडून घेतलं नाही. तिथल्या शाकाहारी मंडळात शिरले, कार्यकारिणीवरसुद्धा गेले. वचन पेल्याबद्दल होतं, माणसांबद्दल नव्हतं.

यावर काका हुकमी पान टाकतात : "अरे, दारूनं यादवांची द्वारका बुडाली!" बुडाली खरी. पण काका, ते यादव परक्या माणसांत बसून प्याले नव्हते. तिथं झाडून सगळे नातेवाईक होते!

आणि हे बोलतो कोण? द्राक्षं आणि वाइन यांच्या जिवावर मिरवणारं नाशिक! पाहुणा आला की त्याला वायनरी दाखवायला आपण हौसेनं नेतो. परवान्याच्या कायद्यानं महाराष्ट्रात माणूस आरोग्य टिकवण्यासाठी पितो. आणि इंग्लंडात चार माणसांशी बोलायला गेलेला पोरगा मात्र वाया गेला!

खरं वाया जाणं निराळंच असतं. बापानं कर्ज काढून पाठवलेलं पोरगं चार मराठी मुलांच्या खोलीत उतरतं. वरण-भात तोच, मालिका त्याच. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास कामाची मुभा, म्हणून उरलेल्या वेळात कुठल्यातरी गोदामात खोकी उचलतं. वर्षानं पदवी घेऊन परततं, ते एकाही इंग्रज माणसाचं नाव न सांगता येणारं. रात्री खिडकीशी बसून ते काय करत होतं, हे काकांना कधी कळत नाही. फोनवर "मजेत आहे" एवढंच येतं.

"तिथं आपल्याला विचारतो कोण?" हा मात्र खरा प्रश्न आहे. एके काळी विचारत नव्हतेच. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये हिंदी कामगारांना पबाच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. अवतारसिंग जोहल आणि त्यांची इंडियन वर्कर्स असोसिएशन त्याविरुद्ध लढली. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स तिथं आले, 'ब्लू गेट्स' नावाच्या पबात गेले, आणि त्यांनाही नकारच मिळाला. त्याच वर्षी अशा भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आज त्या भागात पंजाबी मालकांचे पब आहेत, आणि बिअरशेजारी तंदुरी येते. ज्या दारासाठी आपली माणसं भांडली, ते उघडल्यावर आपण संस्कार म्हणून बाहेर उभं राहायचं?

आता काकांना एकच उलट प्रश्न. द्वारकेतही खोली घेऊन राहणारी पोरं आहेत. कुणी नंदुरबारचं, कुणी बिहारचं. त्यांना आपल्याशी दोन शब्द बोलायचे झाले, तर त्यांनी यायचं कुठं? चहाच्या टपरीवर? तिथं आपण आपल्याच चौघांत पाठ करून उभे असतो. आणि चुकून वळलोच, तर पहिला प्रश्न काय विचारतो?

इंग्रज पबात तासभर बोलतो आणि जाता जाता नाव विचारतो. आपण आधी आडनाव विचारतो, आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतो.