टॉलीगंजची उमेदवारी

अभिनेत्री-दिग्दर्शिका अपर्णा सेन यांचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं : त्यांना सत्यजित रायांनी घडवलं. वडील चिदानंद दासगुप्ता कलकत्ता फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी, आणि १९६१ साली रायांच्या ‘समाप्ती’त ही शाळकरी पोर मृण्मयी झाली. म्हणजे सगळं आयतंच मिळालं, असा हिशेब. मला तो मुळीच पटत नाही.

‘समाप्ती’ आणि ‘३६ चौरंगी लेन’ यांच्यामध्ये वीस वर्षं आहेत. त्यांत राय आणि मृणाल सेन अधूनमधून. बाकी बराचसा काळ कलकत्त्यातल्या टॉलीगंजच्या धंदेवाईक बंगाली चित्रपटांचा. ही वर्षं वाया गेली असं समजून लोक पुढे सरकतात. माझ्या मते खरी उमेदवारी तिथेच झाली. बेतलेल्या संवादातून माणूस उभा करताना नटाची किती दमछाक होते, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून कळलं होतं.

पुरावा त्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात, ‘३६ चौरंगी लेन’मध्ये आहे. शेक्सपिअर शिकवणारी एकाकी अँग्लो-इंडियन बाई व्हायोलेट स्टोनहॅम. तिच्या मांजराचं नाव सर टोबी. ज्या तरुण जोडप्याला तिनं जीव लावला, त्यांनी नाताळात आपण घरी नसू म्हणून सांगितलेलं. तरी ही केक घेऊन जाते, आणि खिडकीतून तिला आत रंगलेली पार्टी दिसते. अपर्णा सेन तिथे कुणावर फिर्याद करत नाहीत. व्हायोलेट झालेल्या जेनिफर केंडलना वेळ देतात. ती परत फिरते आणि सामसूम रस्त्यावर एका भटक्या कुत्र्याला ‘किंग लिअर’ ऐकवते. दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक याच चित्रपटाला मिळालं.

त्यांच्या चित्रपटांवरचा ‘बायकांचे सिनेमे’ हा शिक्काही तितकाच उथळ. ‘परोमा’तली (१९८५) गृहिणी प्रेमप्रकरण उघड झाल्यावरही अपराधी वाटून घ्यायला नकार देते, तेव्हा हादरतं ते अख्खं घर, पुरुषांसकट. ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मधली (२००२) सोवळी मीनाक्षी मुसलमान सहप्रवाशाच्या बाटलीतलं पाणी प्यायले म्हणून कासावीस होते. पण दंगलखोर बसमध्ये शिरतात, तेव्हा त्यालाच आपला नवरा म्हणून सांगते. हा प्रश्न फक्त बायकांचा कसा?

नटाची ती उमेदवारी पुढेही सुटली नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘सोनाटा’ नाटकावर त्यांनी २०१७ साली चित्रपट केला. तीन अविवाहित मैत्रिणींपैकी एक, सत्तरी ओलांडलेल्या त्या स्वतःच होत्या.