बहिणीची सही



धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण काय टाकले, हे आपणांस ठाऊक आहे. देव्हारे उतरविले, गंडेदोरे तोडले, श्राद्ध व पिंडदान बंद केले. परंतु टाकलेल्याच्या जागी घरात नवे काय आणले, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला आहे काय?

आम्ही वकिलीचा व्यवसाय करतो. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी आपली अनेक कुटुंबे आमच्याकडे येतात. भाऊ सांगतात, “वकीलसाहेब, ताईचे हक्कसोडपत्र करून द्या.” ताई मान खाली घालून बसलेली असते. अशाच एका भगिनीस आम्ही बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “साहेब, सही नाही केली तर माहेर तुटेल.” माहेर राखण्यासाठी जिला आपला हक्क सोडावा लागतो, ती दीक्षेने स्वतंत्र झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कायदा नीट समजून घ्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्धांसही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत आई, विधवा, मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. लग्नात केलेला खर्च हा वाटा नव्हे.

मुलीस मुलाच्या बरोबरीने वाटा मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू संहितेच्या विधेयकासाठी झगडले. ते विधेयक रखडविले गेले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते. त्यांची तसबीर भिंतीवर लावून तिच्याखालीच बहिणीकडून हक्क सोडवून घ्यावा, हे आपणांस शोभते काय? “तुमचा येथे हक्क नाही” हे वाक्य गावाने आपल्या पूर्वजांस पिढ्यान्पिढ्या ऐकविले. तेच वाक्य आपण आपल्या घरात उच्चारणार काय?

कोणी म्हणेल, जमिनीचा तुकडा लहान, भाऊ गरीब. बहिणीने आपखुशीने दिले तर काय बिघडले? काहीच नाही. दान हा धम्माचाच मार्ग आहे. परंतु नाही म्हणण्याची मोकळीक असताना जे दिले जाते, तेच दान होय. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थास, पत्नीचा मान राखावा व घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, असा उपदेश केला आहे. जो मान पत्नीस, तो बहिणीस का नको?

तेव्हा आमची विनंती एवढीच. हक्कसोडपत्र करण्यापूर्वी ते बहिणीस मोठ्याने वाचून दाखवा. तिचा वाटा किती, हे सांगा. आणि विचार करण्यास तिला चार दिवस द्या. ती नाही म्हणाली, तर पुढल्या सणाला तिला नेहमीप्रमाणेच माहेरी बोलवा. विहारातील वंदनेनंतर हा कायदा सर्वांस समजावून सांगा. भगिनींस पुढे बसवा.

जयभीम!