रेकॉर्डिंग आपले, मग प्लेअर दुसऱ्याच्या मर्जीवर का?

कणकवली, कुडाळ, मालवण, देवगड या पट्ट्यात भजनाचे आणि दशावताराचे जेवढे रेकॉर्डिंग लोकांच्या घरी आहे, त्यातले फार थोडे एखाद्या कंपनीच्या यादीत सापडेल. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, रात्री साउंडवाल्याच्या मिक्सरवरून काढून घेतलेला गजर, गणपतीत वाडीतल्या मंडळाने मोबाइलवर टिपलेली बारी, जत्रेत पहाटेपर्यंत रंगलेल्या दशावतारातले राजपार्टी नटाचे भाषण, हे सगळे आधी कॅसेटवर होते. मग ते सीडीवर गेले आणि आता पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते आहे. फिरते तेही एकाच जातीच्या यंत्रांवर नाही. साउंडवाल्याकडे विंडोजचा जुना लॅपटॉप असतो, डोंबिवलीच्या चाकरमान्याच्या खिशात आयफोन, गावातल्या त्याच्या भावाकडे अँड्रॉइड आणि एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत लिनक्स. माझे म्हणणे असे की हा ठेवा पुढच्या पिढीला ऐकता यायचा असेल, तर तो वाजवणारा प्लेअर कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेला असता कामा नये. ओपन सोर्स म्युझिक प्लेअर एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याचे काम आज मूठभर हौशी मंडळी पदरमोड करून करतात. ते सार्वजनिक गरजेचे काम आहे आणि त्याला पैशाचे व मनुष्यबळाचे पाठबळ मिळायला हवे.

ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो तो प्रोग्राम ओपन सोर्स. पण कोड खुला आहे म्हणून तो आपोआप दुसऱ्या सिस्टिमवर चालत नाही. लिनक्सवर आवाज स्पीकरपर्यंत पोचवायला आल्सा किंवा पाइपवायर लागते, विंडोजवर वासापी, मॅक आणि आयफोनवर कोअर ऑडिओ. खिडक्या आणि बटणे रेखाटण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी. लिनक्सवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालते, विंडोजवर चालत नाही. हे सगळे सांधे जुळवल्यावरही मराठी माणसासमोर एक अडचण उरते आणि ती परक्या प्रोग्रामरच्या स्वप्नातही येत नाही. समजा एका मंडळाने फाइलला नाव दिले ‘आचऱ्याचा रामेश्वर’. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी करून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. विंडोज आणि लिनक्स आपण टाइप केले तसेच नाव ठेवतात. मॅकची २०१७ पर्यंतची फाइल व्यवस्था मात्र असे अक्षर फोडून जोडीच्या रूपात साठवत असे. म्हणून मॅकवर झिप करून पाठवलेले फोल्डर लिनक्सवर उघडले की नाव दिसते बरोबर, पण विंडोजवर बनवलेल्या प्लेलिस्टमधल्या नावाशी ते जुळत नाही. फाइल डोळ्यांसमोर असते आणि प्लेअर सांगतो, सापडत नाही.

असेच दुसरे उदाहरण एमपी-३ फाइलीच्या आत लपलेले आहे. गाण्याची माहिती ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट जागा असते. इंग्रजी नावाला ती पुरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातो. त्या टॅगमध्ये देवनागरी कोंबली तर ‘आचऱ्याचा र’ इथेच जागा संपते. नव्या टॅगमध्ये ही अडचण नाही, पण जुन्या फाइली लाखांनी पडून आहेत आणि त्या नीट वाचायच्या की नाही हे प्लेअर लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. बंद प्लेअर असेल तर आपण फार तर तक्रार नोंदवू शकतो. ओपन सोर्स प्लेअर असेल तर कुणीही जाणकार मुलगा किंवा मुलगी त्या ओळी शोधून दुरुस्त करू शकते, आणि ती दुरुस्ती प्रत्येक सिस्टिमवरच्या आवृत्तीत पोचते. जोडाक्षरे जुळवून दाखवणाऱ्या हार्फबझ या ओपन सोर्स प्रणालीत हे आधीच घडले आहे. अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस तिघेही तिचाच आधार घेतात, त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती तिन्हीकडे उपयोगी पडते. सिस्टिमागणिक वेगळा बंद प्लेअर असेल तर हीच लढाई तितक्या वेळा लढावी लागेल, आणि कोकणातल्या भजनी मंडळासाठी ती लढायला कोणती कंपनी बसली आहे?

अनेक सिस्टिमवर पोचलेल्या प्लेअरने काय साधते, याचा सगळ्यात चांगला पुरावा व्हीएलसीने दिला आहे. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून तो सुरू झाला आणि २००१ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला झाला. आज तो विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन सगळीकडे आहे. आयफोनवर पोचण्याची वाट मात्र सरळ नव्हती. जानेवारी २०११ मध्ये तो अ‍ॅप स्टोअरमधून काढला गेला, कारण अ‍ॅपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएलच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत असा आक्षेप खुद्द व्हीएलसीच्याच एका प्रोग्रामरने घेतला होता. मग कोड लिहिणाऱ्या शेकडो जणांना शोधून, त्यांची संमती घेऊन त्याचा बराचसा भाग अधिक सैल अशा एलजीपीएल परवान्याखाली आणला गेला आणि २०१३ च्या जुलैमध्ये व्हीएलसी आयफोनवर परतला. इतकी उठाठेव करायची कशाला, असे कुणी म्हणेल. डोंबिवलीतला चाकरमानी गावच्या भजनाची फाइल फोनवर उघडतो तेव्हा त्याला परवान्याचा ‘प’ही ठाऊक नसतो. त्याला ती ऐकू येते, ते त्या उठाठेवीमुळे.

भारतात २०२२ मध्ये व्हीएलसीचे संकेतस्थळ बंद झाले. सरकारी आदेशाने ते अडवले गेले होते आणि कारण जाहीर झाले नव्हते. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या सगळ्या महिन्यांत अँड्रॉइडच्या दुकानात व्हीएलसी मिळत होता आणि लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांच्या भांडारांतही तो होताच. एक दार लागले तरी दुसरी उघडी राहिली. एकाच यंत्रावर, एकाच दुकानातून मिळणाऱ्या प्लेअरचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता बंद सेवांकडे पाहू. गूगल प्ले म्युझिकवर स्वतःच्या हजारो फाइली चढवून ठेवता येत. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती सेवा बंद झाली. यूट्यूब म्युझिककडे जायला ठरावीक मुदत दिली गेली आणि ज्यांनी ती चुकवली त्यांचा तिथला संग्रह गेला. एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक गुंडाळले. यात कुणी कायदा मोडला असे मी म्हणत नाही, धंद्याला परवडत नाही ते धंदा बंद करतो. म्हणूनच आपला ठेवा धंद्याच्या गणितावर सोपवू नये. जिओफोनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २०१७ मध्ये आलेल्या त्या स्वस्त फोनमधली कायओएस ही सिस्टिम मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या ओपन सोर्स प्रकल्पातून निघाली. मुळाशी खुला कोड असूनही ग्राहकाला त्यात हवा तो प्लेअर सहज टाकता येत नव्हता, दुकानात असेल ते घ्यायचे. म्हणजे सिस्टिमचा पाया खुला असून भागत नाही. प्लेअर तिथपर्यंत पोचवण्याची वाटही खुली लागते.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप घेतात ते मुक्त सॉफ्टवेअरचे निष्ठावंत. ते म्हणतात, चांगले प्लेअर विंडोजवर आणि मॅकवर नेऊन तुम्ही लोकांना तिथेच बसवून ठेवता, लिनक्सवर येण्याचे त्यांचे एक कारण काढून घेता. या म्हणण्यामागची कळकळ खरी आहे, पण माणसे घर बदलतात ती अशी नाही. रोजचा प्लेअर, रोजचा ब्राउझर, रोजचे लिहिण्याचे साधन दुसरीकडेही तेच मिळेल ही खात्री असली की सिस्टिम बदलायची भीती कमी होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मर्यादित वाढीव मुदत सोडली तर त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. कणकवलीच्या बाजारपेठेतल्या किती फोटो स्टुडिओंत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि साउंडवाल्यांकडे त्यापेक्षा जुनी यंत्रे चालू आहेत, ते तिथे जाणाऱ्या कुणालाही दिसेल. त्या मालकाला लिनक्सवर जा असे सांगणे सोपे आहे. पण त्याचा प्लेअर, त्याच्या प्लेलिस्ट आणि त्याच्या देवनागरी नावांच्या फाइली तिकडेही तशाच चालणार असतील, तरच तो ऐकेल. विंडोजवरच्या ओपन सोर्स प्लेअरने त्याची ही तयारी आधीच करून घेतलेली असते.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे: सगळे यूट्यूबवर मिळते, आता प्लेअर हवा कुणाला? शहरात हे बऱ्याच अंशी खरे असेल. आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. तेही बाजूला ठेवले तरी मूळ मुद्दा राहतोच. मंडळाने घरगुती रेकॉर्डिंग जगासमोर टाकायचे की नाही हा त्या मंडळाचा आणि बुवांचा प्रश्न आहे. ऐकण्यासाठी ते आधी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवलेच पाहिजे, अशी अट असू नये. चोरीची गाणी वाजवायला हे प्लेअर वापरले जातात असाही आरोप होतो, पण तो कॅसेटवरही होत असे. त्या भीतीने टेपरेकॉर्डर बंद केले असते तर यातले निम्मे भजन आज उरलेच नसते.

खरी अडचण तिसरी आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे. प्रत्येक नवी सिस्टिम म्हणजे स्वयंसेवकांवर नवे ओझे. अमारोक हा केडीई या ओपन सोर्स समूहाचा प्लेअर एके काळी लिनक्सचा मानबिंदू होता. त्याच्या १.४ आवृत्तीवरून २०१० मध्ये क्लेमेंटाइन निघाला आणि तो विंडोज व मॅकवरही चालू लागला. पण २०१६ नंतर त्याच्या नव्या स्थिर आवृत्तीसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. २०१८ मध्ये त्यातूनच स्ट्रॉबेरी फुटला. त्याच्या कर्त्याने कोड खुला ठेवला, पण मॅकसाठीची तयार आवृत्ती आर्थिक मदत करणाऱ्यांपुरती ठेवली. त्याला दोष देणाऱ्यांनी मॅकसाठी लागणारी यंत्रे, खाती आणि वेळ यांचा खर्च एकदा मांडून पाहावा. स्वतः अमारोकची ३.० आवृत्ती यायला २०२४ उजाडले. हा इतिहास काही लोक ‘म्हणून इतर सिस्टिमच्या नादी लागू नका’ असा वाचतात. मला त्यात फुकट श्रमावर उभ्या असलेल्या कामाची मर्यादा दिसते, आणि ती पैशाने बऱ्याच अंशी सुटते. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२४ मध्ये एफएफएमपेगला पैसे दिले. बहुतेक सगळे ओपन सोर्स प्लेअर ध्वनी उलगडायला एफएफएमपेगवरच विसंबतात. आपल्या देशात झेरोधाने त्याच वर्षी ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला. महाराष्ट्र सरकार मराठीसाठी पैसा खर्च करते तो ग्रंथांवर, संमेलनांवर, पुरस्कारांवर. मराठीतला आवाज सगळ्या यंत्रांवर नीट वाजावा यासाठी त्यातला एक लहानसा हिस्सा का नसावा? केरळने शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणून दाखवले, तेव्हा हे सरकारच्या आवाक्याबाहेरचे आहे असेही म्हणता येणार नाही.

सरकारची वाट न पाहता इथे करता येण्यासारखेही बरेच आहे. कणकवलीजवळच्या वागद्याला गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम उभारला. त्यामुळे साधन राबणाऱ्याच्या ताब्यात असावे हा विचार या मातीला नवा नाही. तबलावादक वसंतराव आचरेकरांच्या नावाने चाललेले सांस्कृतिक प्रतिष्ठान कणकवलीतच आहे, भजनी मंडळे वाडीवाडीत आहेत आणि संगणक शिकणारी मुले महाविद्यालयांत आहेत. या तिघांनी मिळून पन्नास-शंभर रेकॉर्डिंगचा एक चाचणी संच बांधावा. त्यात ‘ऱ’ असलेली, लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेली नावे असावीत, जुन्या टॅगच्या फाइली असाव्यात, तासतासभराच्या बाऱ्या असाव्यात. तो विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोनवर वेगवेगळ्या ओपन सोर्स प्लेअरमध्ये चालवून पाहावा आणि जिथे अडते तिथली नेमकी तक्रार, जमल्यास दुरुस्तीसह, त्या प्रकल्पाकडे पाठवावी. मेनू इंग्रजीत असेल तर तो मराठीत आणणे हे तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. संच जगभरच्या प्रोग्रामरांना वापरता यावा म्हणून गाणाऱ्या बुवांची, पखवाजवाल्याची आणि मंडळाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि त्यांची नावे प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये पूर्ण, देवनागरीत, न तुटता भरावीत.