खेळ कळतो, प्रेक्षक कळत नाही

पोर्टलंडच्या प्रॉव्हिडन्स पार्कमध्ये यजमान टिंबर्स संघाने गोल केला, की टिंबर जोई या नावाने ओळखला जाणारा माणूस यंत्राची करवत सुरू करतो आणि ओंडक्याची एक चकती कापून प्रेक्षकांपुढे उंच धरतो. सामना संपल्यावर ती चकती गोल करणाऱ्या खेळाडूला मिळते. ओरेगन हा लाकूडतोडीचा मुलूख, तेव्हा तिथल्या लोकांना यात वावगं काही वाटत नाही. पण मँचेस्टरहून किंवा न्यूकॅसलहून आलेला, बापाच्या खांद्यावर बसून फुटबॉल बघायला शिकलेला ब्रिटिश चाहता पहिल्यांदा हे बघतो तेव्हा त्याला हसू आवरत नाही.

हसायला त्याच्याकडे आणखीही कारणं असतात. अमेरिकेतली मेजर लीग सॉकर 1996 साली सुरू झाली तेव्हा मैदानावरचं घड्याळ शून्याकडे उलटं पळायचं. बरोबरी अमेरिकी माणसाला रुचत नाही, म्हणून बरोबरी झाली की खेळाडू गोलपासून 35 यार्डांवरून चेंडू घेऊन धावायचा आणि त्याला पाच सेकंदांत गोलरक्षकाला चकवावं लागायचं. 1999 च्या हंगामानंतर हे दोन्ही प्रकार बंद झाले. एक गोष्ट मात्र आजही तशीच आहे. तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत जात नाही. इंग्लंडमध्ये मे महिना उजाडला की तळाच्या संघांची झोप उडते, चांगली चाळिशीतली माणसं स्टँडमध्ये ढसाढसा रडतात. अमेरिकेत शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये निवांत हजर. हा सामना नव्हे, सहल आहे, असं ब्रिटिश पाहुण्याचं मत असतं.

पण याच सहलीत त्याला असं काही मिळतं, जे घरी मिळत नाही. बिअरचा ग्लास घेऊन आपल्या जागेवर बसायचं आणि सामना बघायचा. इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्यामुळे वरच्या श्रेणींच्या फुटबॉल सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. मध्यंतरात स्टँडच्या पोटात उभं राहून घाईघाईने ग्लास रिकामा करायचा. गंमत म्हणजे क्रिकेट बघताना तोच इंग्रज दिवसभर पीत बसू शकतो. तिकडे बाहेरगावच्या चाहत्यांना वेगळं फाटक, वेगळा कोपरा आणि मोठ्या सामन्याला पोलिसांचा पहारा असतो. अमेरिकेत गाड्या लावायच्या जागेत सामन्याच्या आधी तास न् तास शेगड्या पेटलेल्या असतात, पोरंबाळं बागडत असतात आणि शेजारच्या गाडीवाला अनोळखी माणसालाही खायला बोलावतो.

म्हणजे ज्या देशाला हा खेळ कळत नाही अशी त्याची खात्री आहे, त्या देशाने त्याला पाहुण्यासारखं वागवलं. आणि ज्या देशाने जगाला हा खेळ दिला, तिथे त्याच्याकडे अनेक वर्षं संशयित म्हणून पाहिलं गेलं. खेळाची जाण आणि प्रेक्षकाची कदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते, हा भ्रम जसा ब्रिटनमध्ये होता तसा आज आपल्याकडे आहे, आणि आपल्याकडे तो जास्त महागात पडतो आहे.

ब्रिटिश चाहत्याच्या जागी मराठी चाहता आणि फुटबॉलच्या जागी क्रिकेट ठेवलं, तर हीच गोष्ट जून 2024 मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर घडली. टी-20 विश्वचषकासाठी नासाऊ काउंटीत 34 हजार प्रेक्षकांचं तात्पुरतं मैदान काही महिन्यांत उभारलं गेलं. खेळपट्ट्या ॲडलेडच्या डेमियन हफ यांच्या देखरेखीखाली फ्लोरिडात वाढवल्या आणि ट्रकवर लादून आणल्या. त्यांवर चेंडू कधी गुडघ्याला, कधी हनुवटीला. आयर्लंडचा डाव 96 धावांत आटोपला. 9 जूनला भारत 119 धावांत गारद झाला आणि तरीही त्याने पाकिस्तानला सहा धावांनी हरवलं. न्यू जर्सीतून लोकल गाडी आणि बस बदलत आलेल्या मराठी मंडळींनी बुमराहला डोक्यावर घेतलं आणि खेळपट्टीला शिव्या घातल्या. ‘यांना क्रिकेट काय कळतं?’ हे वाक्य त्या पंधरवड्यात मराठी घरांत किती वेळा उच्चारलं गेलं असेल, याची गणती नाही. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना 1844 साली न्यूयॉर्कमध्येच अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला होता, हे अर्थात कोणाच्या गावीही नव्हतं.

त्या हसण्याला उत्तर दिलं ते एका मुंबईकरानेच. सौरभ नेत्रावळकर 2010 मध्ये भारताकडून 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला. मुंबईकडून त्याच्या वाट्याला रणजीचा एकच सामना आला, तोही 2013 मध्ये कर्नाटकाविरुद्ध. मग तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला आणि ओरॅकल कंपनीत अभियंता झाला. 6 जून 2024 ला डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून त्याने अमेरिकेला सामना जिंकून दिला. सहा दिवसांनी नासाऊच्या मैदानावर विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर परत पाठवलं, पाठोपाठ रोहित शर्मालाही. पुढे सूर्यकुमार यादवचा झेल त्याच्याच हातून सुटला आणि सूर्यकुमारने नाबाद अर्धशतक करून सामना भारताकडे ओढला. दोघंही मुंबईच्या मैदानांवर लहानपणी एकत्र खेळलेले. त्या दिवशी स्टँडमध्ये निळे सदरे घालून बसलेल्या मराठी माणसाने टाळी कोणासाठी वाजवायची? बहुतेकांनी दोघांसाठीही वाजवली.

हा पेच महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला नवा नाही. आळंद तालुक्यातलं कडगंची घ्या. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांच्या नावाशी जोडलेलं आणि आता कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ असलेलं हे गाव. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि क्रिकेटमध्ये मुंबई की बंगळुरू हा दर उन्हाळ्याचा वाद. जानेवारी 2010 मध्ये म्हैसूरला मुंबई आणि कर्नाटक यांच्यात रणजीचा अंतिम सामना झाला. मैदान खच्चून भरलं, माणसं भोवतीच्या झाडांवर चढून बसली. मनीष पांडेच्या शतकाने कर्नाटक विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचलं आणि सहा धावांनी हरलं. म्हैसूरच्या त्या गर्दीला खेळातलं सगळं कळत होतं. कळणाऱ्या माणसांना बसायला जागा मात्र झाडावर होती.

पंधरा वर्षांनी त्याच राज्याच्या राजधानीत काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. 3 जून 2025 ला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्याच दिवशी विजयोत्सव ठरला. चिन्नास्वामी मैदानाची क्षमता सुमारे 35 हजार, लोटलेली गर्दी मुख्यमंत्र्यांनीच सांगितल्याप्रमाणे दोन ते तीन लाख. मोफत पास कोणाला, ते कुठे मिळणार, कोणतं फाटक कधी उघडणार, याचा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. फाटकांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि 11 जणांचा जीव गेला. जॉन मायकेल डिकुन्हा आयोगाने नंतर हे मैदान एवढ्या मोठ्या गर्दीसाठी असुरक्षित ठरवलं आणि महिला विश्वचषकाचे बंगळुरूचे सामने नवी मुंबईला गेले.

महाराष्ट्राने याबद्दल पाठ थोपटून घेण्याचं कारण नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याजवळ गहुंजेला भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. डोक्यावर छप्पर नाही, बाटली आत नेता येत नाही, आणि आत पाण्याचा पत्ता नाही. लोकांनी घोषणा दिल्या, तेव्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने माफी मागितली. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक भारतात होता. त्याचं वेळापत्रक स्पर्धेला शंभर दिवस उरले असताना जाहीर झालं, मग त्यातल्या तारखाही बदलल्या, आणि तिकिटविक्री ऑगस्टच्या शेवटी सुरू झाली. रजा काढून, गाडीचं आरक्षण करून सामना बघायला जाणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. कडगंचीहून बंगळुरूला जायचं तर अख्खी रात्र प्रवासात जाते. तिथल्या माणसाला ‘पास बघू’ असं सांगणं म्हणजे येऊ नको असं सांगणं.

अमेरिकेतलं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. तिथे प्रेक्षकाला मान मिळतो तो गिऱ्हाईक म्हणून. भारत-पाकिस्तान सामन्याची तिकिटं शेकडो डॉलरांना विकली गेली, कारण परदेशस्थ भारतीय आणि पाकिस्तानी माणूस ती घेणार हे आयोजकांना ठाऊक होतं. स्थानिक अमेरिकी माणसाला क्रिकेटची गोडी लावायची, ही गोष्ट भाषणातच राहिली. गटसाखळीचे सामने उरकताच नासाऊचं मैदान मोडून नेलं. व्यवस्थेचा बोजवाराही तिथे उडू शकतो. 14 जुलै 2024 ला मायामीत कोपा अमेरिका फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. बिनतिकिटांच्या लोंढ्याने फाटकं तोडली आणि अर्जेंटिना-कोलंबिया सामना तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाला.

मग शिकायचं कोणाकडून? या बाबतीत, अमेरिकेला हसणाऱ्या त्याच ब्रिटिश चाहत्याकडून. त्याच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट त्याची गाणी नाहीत, त्याची संघटना आहे. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांचा कोंडून, चेंगरून जीव गेला. मृतांचा आकडा पुढे 97 वर पोहोचला. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला, त्यांना दारुडे ठरवलं. मृतांच्या घरच्यांनी हार मानली नाही. 27 वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की चाहत्यांचा दोष नव्हता आणि हे मृत्यू बेकायदा होते. दरम्यान लॉर्ड टेलर यांच्या अहवालामुळे मोठ्या मैदानांत प्रत्येकाला बसायला खुर्ची मिळाली.

त्याच 2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या अमेरिकी मालकांनी सर्वांत महागड्या तिकिटाची किंमत 77 पौंड करायचं ठरवलं. घरच्या मैदानावर संघ 2-0 ने पुढे असताना बरोबर 77 व्या मिनिटाला हजारो चाहते उठून बाहेर पडले. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये बाहेरगावच्या चाहत्याच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगचा घाट घातला. ती योजना दोन दिवसांत कोसळली, ती चाहते रस्त्यावर उतरले म्हणून. 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने अमेरिकेतली तिकिटं भरमसाट महाग ठेवली. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनांनी ओरड केल्यावर काही तिकिटं 60 डॉलरला देण्याची घोषणा करावी लागली. मोजकीच होती, पण मागितल्याशिवाय तेवढीही मिळाली नसती.

आपल्याकडे असा कणा असलेली प्रेक्षकांची जात नाही असं नाही. कोल्हापुरात जावं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांचे फुटबॉल सामने शाहू स्टेडियमवर असले की पेठांतली दुकानं लवकर बंद होतात. पोर्टलंडमध्ये ब्रिटिश चाहत्याला परकं वाटलं, ते इथे वाटणार नाही. पेठेची इभ्रत आणि संघाची इभ्रत एकच असते हे त्याला सांगावं लागणार नाही. पण तालमीचा हा जोर समोरच्या पेठेवर खर्च होतो. तोच एकदा तिकिटाच्या खिडकीकडे, पाण्याच्या नळाकडे, महिलांच्या स्वच्छतागृहाकडे वळला, तर संयोजकांना ऐकावंच लागेल.

क्रिकेटमध्ये तर पैशाची वानवा नाही, त्यामुळे सबबही नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनांकडे प्रेक्षकांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. प्रत्येक सामन्याची किती तिकिटं खुल्या विक्रीला आणि किती पासांत गेली, याचा आकडा जाहीर करा. वेळापत्रक लागताच विक्री सुरू करा. मैदानात फुकट पाणी आणि डोक्यावर सावली द्या. कोणत्या फाटकातून किती माणसं आत सोडणार, याचा आराखडा सामन्याआधी लोकांसमोर ठेवा. नव्या हंगामाची तिकिटं निघण्याआधी कलबुर्गी, बिदर, सोलापूर, कोल्हापूरच्या क्रीडा मंडळांनी हे पत्र पाठवावं, आणि उत्तर आलं नाही तर लिव्हरपूलवाल्यांनी काय केलं होतं ते आठवावं.