फोनची मुदत कोणी ठरवायची?

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी आणि तिच्या आसपासच्या काळ्या रानातील गावांत शेतीचे अवजार आजवर कधी ‘कालबाह्य’ झाले नव्हते. तिफणीचा दाता झिजला तर सुतार तो बदलून देत असे, वखराची पास गावच्या लोहाराकडे जात असे. विहिरीवरची मोटार जळली तर ती परभणीला नेऊन वाइंडिंग करून आणण्याची सोय होती. अवजार किती वर्षे वापरायचे, हे त्याचा धनी आणि गावचा कारागीर मिळून ठरवीत. गेल्या काही वर्षांत मात्र शेतकऱ्याच्या हाती असे एक अवजार आले आहे की, त्याचे आयुष्य ना तो ठरवतो, ना झरीच्या रस्त्यावर टपरी टाकून बसलेला दुरुस्ती करणारा तरुण. ते अवजार म्हणजे स्मार्टफोन.

फोन ही चैनीची वस्तू आहे, ज्याला परवडेल त्याने घ्यावी, हा युक्तिवाद आता टिकत नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये पेरा नोंदवीत असे. त्या नोंदीत चुका होत, घरी बसून नोंदी करण्याचे प्रकारही होत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती जबाबदारी शासनाची होती. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून ॲप उघडायचे, पिकाचे छायाचित्र काढायचे आणि रेंज असेल तर ते पाठवायचे. पाहणी झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही; आणि सातबाऱ्यावर पीक नसले की विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या प्रत्येक दारात अडवणूक. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी जाहीर झालेल्या अर्थसाहाय्याला ई-पीक पाहणीची अट होती. असंख्य शेतकरी त्यामुळे वंचित राहतात, हे ध्यानात आल्यावर २०२४ मध्ये शासनाला ती शिथिल करावी लागली. परभणी जिल्ह्याची उपजीविकाच ज्या दोन पिकांवर चालते, त्यांच्या मदतीची किल्ली अशा रीतीने फोनमध्ये जाऊन बसली होती.

हा फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या आत जी प्रणाली आहे ती बहुतेक सर्व घरांत एकाच अमेरिकन कंपनीची, गुगलची, अँड्रॉइड आहे. ॲप मिळते ते गुगलच्याच प्ले स्टोअरमधून. या मक्तेदारीविषयी बोलणे म्हणजे डाव्यांचा नेहमीचा सूर, असे ज्यांना वाटते त्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाचा २० ऑक्टोबर २०२२ चा निर्णय वाचावा. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना प्ले स्टोअर हवे असेल तर गुगलच्या सर्व ॲपचा संच फोनमध्ये घालावाच लागतो, अशा प्रकारच्या करारांतून बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग झाला, असा निष्कर्ष काढून आयोगाने गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. २९ मार्च २०२३ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला. मात्र आयोगाच्या काही निर्देशांना कात्री लावली. दंडाची रक्कम मोठी दिसते. झरीच्या शेतकऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही, कारण त्याला छळणारी गोष्ट निराळी आहे. प्रणालीची नवी आवृत्ती जुन्या फोनला मिळेनाशी होते आणि काही काळाने ॲप त्या फोनवर चालेनासे होते. व्हॉट्सॲपने २०२५ च्या आरंभी अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीवरील सेवा बंद केली. अशा फोनचा पडदा शाबूत असतो, बॅटरी चालत असते, आवाज स्पष्ट येत असतो. तरीही तो निकामी ठरतो.

या व्यवहाराचे मर्म मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांना परिचित असलेल्या एका प्रकरणात उघड झाले. जुन्या आयफोनची बॅटरी क्षीण झाली की प्रणालीतील बदलाद्वारे फोनचा वेग आपण कमी करतो, अशी कबुली ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ग्राहकाला हे सांगितलेच गेले नव्हते. बॅटरी बदलली तर वेग परत येतो हे ठाऊक नसल्याने फोन म्हातारा झाला असे अनेकांनी समजून घेतले आणि नवा विकत घेतला. बोभाटा झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली आणि भारतात बॅटरी बदलण्याचा दर साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपयांवर आणला. एका रात्रीत दर तिसऱ्या हिश्शावर येऊ शकतो, तर आदल्या दिवशीच्या दराचा आधार काय होता, हे कोणी विचारले नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत त्याच वर्षी ग्राहकांच्या दाव्यात पन्नास कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तडजोड कंपनीला करावी लागली.

आयफोनवाल्याला निदान न्यायालय गाठता आले. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकेला काय मिळाले?

पोषण अभियानाखाली राज्यातील एक लाखाहून अधिक सेविकांना शासनाने पॅनासोनिक कंपनीचे फोन दिले. खरेदीच्या किमतीवरून २०१९ मध्ये विरोधकांनी आरोप केले, खात्याने ते फेटाळले. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. महत्त्वाचे हे की, फोनची स्मृतिक्षमता होती दोन जीबी. मुलांचे वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, आहाराचा हिशेब असा सारा भार त्यावर पडला. फोन तापू लागले, हँग होऊ लागले. कंपनीची हमी दोन वर्षांत सरली आणि त्यानंतर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या गळ्यात पडू लागला. त्यातच २०२१ मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आणले आणि त्यात माहिती भरायची ती इंग्रजीतून. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठीतून तीस तीस वर्षे रजिस्टर लिहिलेल्या बायकांनी लाभार्थ्यांची नावे रोमन लिपीत भरावीत, ही अपेक्षा कोणत्या कार्यालयात जन्मली असेल ते असो. माहिती भरली नाही तर मानधन कापण्याचा धाक होता. आणि ते मानधन होते महिना ८,३२५ रुपये.

ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी या फोनांच्या पिशव्या भरल्या आणि प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केल्या. राज्यभर झालेल्या या ‘मोबाईल वापसी’ आंदोलनाची नोंद कामगार चळवळीने पुरेशा गांभीर्याने घेतली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. गिरणी कामगाराने यंत्र थांबवले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. येथे एक लाख स्त्रियांनी यंत्र नाकारले नाही; निकृष्ट यंत्र नाकारले आणि चांगले यंत्र, मराठी भाषा व दुरुस्तीचा खर्च मागितला. भाषेचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. २० फेब्रुवारी २०२३ पासून झालेल्या संपातही नवा मोबाईल ही एक ठळक मागणी होती. त्या वर्षी मानधन दहा हजारांवर गेले. परंतु सरकारी काम ज्या उपकरणावाचून होत नाही, त्याची देखभाल कोणी करायची, याचे तत्त्व शासनाने अद्याप स्पष्ट शब्दांत मान्य केलेले नाही.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला केलेल्या विरोधाची आज थट्टा होते आणि सरसकट यंत्रविरोधाची मर्यादा मान्य करायलाही हवी. पण त्याच इतिहासात दुसरे पान आहे. आयबीएम ही कंपनी परदेशात जुनी झालेली यंत्रे भारतात भाड्याने देत असे आणि दुरुस्ती आपल्याच हातात राखीत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारी स्वीकारण्यास तिने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, ती देश सोडून गेली. आता संगणक बंद पडणार अशी हाकाटी तेव्हा झाली होती. ती खोटी ठरली. सरकारी क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने त्या यंत्रांची देखभाल हाती घेतली आणि भारतीय तंत्रज्ञांनी ती चालवून दाखवली. हीच सीएमसी २००१ मध्ये टाटा समूहाला विकण्यात आली, हा भाग वेगळा आणि क्लेशकारक. डॉ. लोहिया लहान यंत्राचा जो आग्रह धरीत, त्यातही माणसाच्या ताब्यात राहील असे यंत्र हाच विचार होता.

आज युरोपीय संघाने ही बाब कायद्यात आणली आहे. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा आणि सात वर्षे मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत, असे बंधन आहे. त्याच कंपन्या, तेच फोन. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी एक पोर्टल उघडले. पोर्टलवर कंपन्यांचे सेवा केंद्र शोधता येते. परंतु झरीच्या टपरीवरील तरुणाला अस्सल सुटा भाग रास्त दरात मिळेल आणि फोनचा नकाशा त्याला पाहता येईल, अशी सक्ती त्यातून येत नाही. तो दिल्ली-मुंबईच्या बाजारातून आलेला नकली डिस्प्ले बसवतो, तो सहा महिन्यांत जातो आणि दोष मात्र त्याच्या कारागिरीवर येतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय ‘ग्राहकांचा’ म्हणून बाजूला टाकू नये. खरिपाच्या पीक पाहणीच्या आधी ज्या ग्रामसभा होतील तेथे ठराव मांडता येतील. फोन नसलेल्या किंवा ज्याच्या फोनवर ॲप चालत नाही अशा खातेदाराची नोंद सहायकाने बांधावर येऊन करावी, आणि ती केल्याची लेखी पोच द्यावी. अंगणवाडीच्या फोनची दुरुस्ती व रिचार्ज यांचा संपूर्ण भार खात्याने उचलावा. शासकीय खरेदीच्या निविदेतच सात वर्षे सुटे भाग, पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा आणि पहिल्या दिवसापासून मराठी, या अटी असाव्यात. कारण लाखभर फोन एका वेळी विकत घेणारे शासन हे लहान गिऱ्हाईक नव्हे. तोवर झरी, बोरी, जिंतूर या पट्ट्यातील सेविकांनी आणि शेतकऱ्यांनी दुरुस्तीवर पदरचे किती पैसे घातले, त्याच्या पावत्या गोळा कराव्यात. टपरीवाला पावती देत नसेल तर साध्या वहीत तारीख, बिघाड आणि रक्कम लिहून त्याची सही घ्यावी. तहसीलदारांकडे जाताना ती वही सोबत असली पाहिजे.